बाड घेऊन दारोदार

१ नोव्हेंबर १७९७. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या स्टीव्हन्टन या खेड्यातून एका धर्मोपदेशकाने लंडनच्या कॅडेल या नामांकित प्रकाशन-पेढीला पत्र लिहिलं. पत्र अगदी त्रोटक. मजकूर साधारण असा : माझ्याकडे एका कादंबरीचं हस्तलिखित आहे. तीन खंडांचं, मिस बर्नी यांच्या 'एव्हलिना'एवढ्या लांबीचं. अशा पुस्तकाने पहिल्यांदा लोकांपुढे यायचं तर प्रतिष्ठित नावाखालीच यावं, याची मला जाण आहे, म्हणून तुम्हाला लिहितो. लेखकाच्या जोखमीवर छापायचं तर खर्च किती येईल? आणि वाचून पसंत पडलं तर हक्कापोटी आगाऊ रक्कम काय द्याल?

पत्र लिहिणाऱ्याचं नाव जॉर्ज ऑस्टिन. कादंबरी कुणाची, हे त्यांनी लिहिलं नाही. ती त्यांच्या एकवीस वर्षांच्या मुलीची होती. कॅडेलच्या पेढीने बाड मागवलंदेखील नाही. उलट टपाली नकार कळवला आणि तसा शेरा त्या पत्रावर मारून ठेवला. अभ्यासकांच्या मते हे बाड म्हणजे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चं पहिलं रूप. पुस्तक यायला पुढे १८१३ साल उजाडलं.

मित्रहो, आज लंडन-न्यूयॉर्कमध्ये नव्या लेखकाने आपलं पुस्तक साहित्यिक एजंटाच्या गळी कसं उतरवावं याचे वर्ग चालतात, त्यावर पुस्तकं निघतात. त्यांत सांगितलेलं बरंचसं जॉर्जबाबांच्या त्या पत्रात आहे. पुस्तकाची लांबी सांगा. अलीकडच्या एखाद्या यशस्वी पुस्तकाशी त्याचं नातं जोडून दाखवा. हे पत्र तुम्हालाच का लिहिलं ते सांगा. एकच गोष्ट बिचाऱ्यांकडून राहिली : कादंबरीत आहे काय, हे त्यांनी सांगितलंच नाही! बापाला मुलीच्या लेखनाचं कौतुक होतं, पण चार ओळींत त्याची गोडी दुसऱ्याला कशी लावावी हे ठाऊक नव्हतं. कित्येक लेखकांनाही ते ठाऊक नसतं. पुस्तक लिहिणं ही एक विद्या आणि त्या पुस्तकाविषयी एक पान लिहिणं ही दुसरी. या दोन विद्यांमध्ये जी फट राहिली, तिच्यात पुढे एक माणूस येऊन उभा राहिला आणि त्याचा एक धंदाच झाला. त्या माणसाविषयी आज बोलायचं आहे.

आपल्याकडे एजंट म्हटलं की विम्याचा तरी आठवतो किंवा आरटीओच्या दारातला तरी. दलाल, अडत्या हे शब्दही फारसे मायेने उच्चारले जात नाहीत. पण ज्या काळात असा कुणी मधला माणूस नव्हता, त्या काळात लेखकाचं काय होत होतं ते आधी पाहू. मिल्टनसारख्या महाकवीने १६६७ साली 'पॅराडाइज लॉस्ट' पाच पौंडांना दिलं. आवृत्ती संपली की आणखी पाच, असा करार. हयातीत त्याच्या हाती एकूण दहा पौंड आले. पुढे त्याच्या विधवेने उरलेसुरले हक्क आठ पौंडांना विकून टाकले. एकंदर हिशेब अठरा पौंडांचा.

जेन ऑस्टिनची दुसरी हकीकत तर याहून बोलकी आहे. १८०३ साली तिची 'सुझन' ही कादंबरी क्रॉस्बी नावाच्या प्रकाशकाने दहा पौंडांना विकत घेतली. जाहिरातही दिली. पण पुस्तक छापलं नाही. सहा वर्षं वाट पाहून १८०९मध्ये तिने 'मिसेस अ‍ॅश्टन डेनिस' या खोट्या नावाने पत्र टाकलं. या नावाची आद्याक्षरं 'एम. ए. डी.' अशी होतात, म्हणजे इंग्रजीत 'संतापलेली', किंवा 'वेडी'! खाली सहीही तिने तीच तीन अक्षरं लिहून केली. क्रॉस्बीचं उत्तर कोरडं होतं. कधी छापायचं याची मुदत करारात ठरलेली नाही, दुसऱ्या कुणी छापलं तर आम्ही अडवू, दहा पौंड भरा आणि परत न्या. तेव्हा तिच्याकडे दहा पौंड सहज काढून देण्यासारखी स्थिती नव्हती. अखेर १८१६ साली तिच्या भावाने, हेन्रीने, दहा पौंड मोजून बाड सोडवून आणलं. घरात अशी आठवण सांगत की, बाड हाती पडल्यावरच त्याने प्रकाशकाला सुनावलं, ही बाई 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची लेखिका आहे बरं का! आधी सांगितलं असतं तर भाव वाढला असता. धंद्याची ही अक्कल हेन्रीला होती. 'नॉर्थँगर अ‍ॅबी' या नावाने कादंबरी १८१७च्या डिसेंबरात निघाली, तेव्हा जेनला जाऊन पाच महिने झाले होते.

शार्लट ब्राँटेला असा भाऊ नव्हता. जो होता तो दारूत बुडालेला. यॉर्कशरच्या माळरानावरून ती 'द प्रोफेसर' या कादंबरीचं पुडकं एकेका प्रकाशकाकडे टपालाने पाठवत असे. पुडकं परत आलं की त्याच वेष्टनावरचा जुना पत्ता खोडायचा, नवा लिहायचा आणि पुन्हा रवाना करायचं. त्यामुळे नवा प्रकाशक पुडकं हातात घेताच आधी किती जणांनी ते नाकारलंय हे वाचू शकत असे! १८४७च्या जुलैत ते 'स्मिथ, एल्डर' या पेढीकडे पोचलं. त्यांनीही ते नाकारलं, पण तिथल्या वाचकाने दोन पानांचं समजूतदार पत्र लिहिलं, आणि तीन खंडांची कृती असेल तर ती लक्षपूर्वक वाचू असं कळवलं. महिन्याभरात तिने 'जेन एअर' धाडली. १९ ऑक्टोबरला ती छापून बाजारात आली. एका सभ्य नकारपत्राचा हा पराक्रम. आपल्याकडच्या 'साभार परत'च्या छापील चिठ्ठ्या आठवल्या की हे दोन पानांचं पत्र मला फार मोठं वाटतं.

आता या गोष्टीत मधला माणूस येतो. अलेक्झांडर पोलॉक वॉट हा स्कॉटिश गृहस्थ आपल्या मेव्हण्याच्या, स्ट्राहनच्या, प्रकाशन-संस्थेत काम करत होता. संस्था अडचणीत आली, तेव्हा तो जाहिराती मिळवून देण्याच्या व्यवसायात शिरला. १८७५च्या सुमारास जॉर्ज मॅक्डॉनल्ड या लेखक-मित्राने त्याला गळ घातली, माझ्या कथा तेवढ्या विकून दे. वॉटने दिल्या. मग दुसरा मित्र आला, तिसरा आला. १८८१च्या सुमाराला त्याने 'लिटररी एजंट' ही पाटीच लावली आणि मिळकतीचा दहावा हिस्सा घ्यायला सुरुवात केली.

हा माणूस नेमका त्याच काळात का निपजला? त्याला कारण आहे. १८७०च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडात वाचणाऱ्यांची संख्या वाढत गेली, नियतकालिकांचं पीक आलं. एकाच कादंबरीचे आता अनेक तुकडे विकता येऊ लागले. आधी मासिकात क्रमशः, मग पुस्तक, मग स्वस्त आवृत्ती, मग वसाहतींसाठी वेगळी आवृत्ती, भाषांतर, आणि अमेरिका. अमेरिकेत १८९१पर्यंत परदेशी लेखकाला कॉपीराइटच नव्हता, तिथे इंग्रजी पुस्तकं राजरोस चोरून छापत. १८९१ला कायदा झाला आणि तीही बाजारपेठ उघडली. सात-बाराच्या उताऱ्यावर एकाच जमिनीचे जसे वाटे पडत जातात, तसे एका पुस्तकाचे पडत गेले. कुठला वाटा कुणाला, किती काळ आणि किती टक्क्यांनी, हे कविमनाच्या माणसाने कसं सांभाळावं? सर वॉल्टर बेझंट यांनी १८८४ साली लेखकांची संघटना, 'सोसायटी ऑफ ऑथर्स' काढली ती याच धडपडीतून. टेनिसन तिचे पहिले अध्यक्ष. हे बेझंट स्वतः वॉटचे पक्षकार होते.

बेझंटनीच एका तरुणाला वॉटकडे धाडलं. हा तरुण आपल्या मुंबईत जन्मलेला. १८६५ साली, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. नाव रुडयार्ड किपलिंग. रेल्वे स्टेशनावरचा 'व्हीलर'चा बुकस्टॉल आपल्या ओळखीचा आहे. त्या ए. एच. व्हीलर कंपनीने अलाहाबादहून १८८८ साली किपलिंगच्या कथांच्या सहा पुस्तिका काढल्या, प्रवाशांसाठी, किंमत एक रुपया. हिंदुस्थान सोडताना पैशांची गरज म्हणून या सहा पुस्तिकांचे हक्क त्याने दोनशे पौंड आणि किरकोळ रॉयल्टीवर देऊन टाकले, आणखी एक संग्रह पन्नास पौंडांना. १८८९च्या अखेरीला तो लंडनला पोचला, त्याच्या नावाचा गवगवा झाला आणि त्याच्या आधीच्या लिखाणाला सोन्याचा भाव आला. बेझंटच्या सल्ल्याने त्याने सारा व्यवहार वॉटच्या हाती सोपवला, तो जन्मभरासाठी. वॉटच्या पश्चात त्याच्या मुलाने तो पुढे चालवला.

वॉट मोठा धोरणी. पक्षकारांनी लिहिलेली आभाराची पत्रं एकत्र करून तो पुस्तिका छापी आणि वाटत असे. मोठमोठ्या लेखकांची प्रशस्तिपत्रं! प्रकाशक मात्र चिडले. विल्यम हाइनमन या प्रकाशकाने १८९३ साली 'अथेनियम' नियतकालिकात एजंटाला सरळ बांडगूळ ठरवलं. त्याचं दुखणं समजण्यासारखं आहे. लेखक-प्रकाशकाचं नातं म्हणजे जिव्हाळ्याचं, त्यात हा तिऱ्हाईत कशाला, असं त्याचं म्हणणं. जिव्हाळा खरा असेलही. पण त्या जिव्हाळ्यात पैशाचा विषय काढायची लेखकाला लाज वाटते आणि प्रकाशकाला ती सोयीची असते. एजंटाने ही लाज तेवढी लेखकाच्या डोक्यावरून उतरवली.

वॉट प्रस्थापितांचा. १८९६च्या जानेवारीत जेम्स ब्रँड पिंकर याने लंडनला कचेरी उघडली आणि त्याने मात्र नवख्यांवर पैसे लावले. त्याचा सर्वांत कठीण पक्षकार म्हणजे जोसेफ कॉनरॅड. पोलिश माणूस, व्यापारी जहाजांवर नोकरी केलेला, इंग्रजी प्रौढपणी शिकलेला. १८९९ साली पिंकर स्वतःहून त्याच्याकडे आला, तेव्हा कॉनरॅडने प्रांजळपणे कळवलं होतं की मला व्यवहार कळत नाही आणि मी वेळेवर लिहून देत नाही. मी असा आहे, जपून राहा. पिंकर तरीही राहिला. तो दर हजार शब्दांमागे कॉनरॅडला उचल देई, घरभाडं भागवी, डॉक्टरची बिलं चुकती करी. कादंबऱ्या चांगल्या निघत होत्या, खपत नव्हत्या. कर्ज वाढत अडीच हजार पौंडांच्या वर गेलं. १९१०च्या जानेवारीत 'अंडर वेस्टर्न आइज'चं बाड घेऊन कॉनरॅड कचेरीत आला आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. रागाच्या भरात पिंकर म्हणाला, माझ्याशी इंग्रजीत बोला. हा घाव कुठे बसला असेल याची कल्पना परभाषेत किंवा घरच्या बोलीपेक्षा वेगळ्या भाषेत लिहिणारा कुणीही करू शकेल. मलाही ती सहज करता येते. कॉनरॅड घरी गेला तो अंथरुणाला खिळला. तापात पोलिशमध्ये बडबडत होता. पुढची दोन वर्षं दोघांमध्ये कोरडा, औपचारिक पत्रव्यवहार राहिला. नंतर १९१४मध्ये 'चान्स' ही कादंबरी इंग्लंड-अमेरिकेत तडाखेबंद खपली, कर्ज फिटू लागलं, मैत्री पुन्हा जुळली. १९२२ साली पिंकर न्यूयॉर्कमध्ये वारला, तेव्हा कॉनरॅडला तो आपल्या घरातला मृत्यू वाटला.

याच पिंकरचा मुलगा एरिक पुढे न्यूयॉर्कमध्ये एजंटगिरी करू लागला आणि एका लोकप्रिय कादंबरीकाराच्या पैशांच्या अपहारापायी १९३९ साली तुरुंगात गेला. लेखकाचे पैसे आधी एजंटाकडे येतात, आपलं कमिशन कापून तो ते पुढे देतो. सगळा डोलारा एका विश्वासावर उभा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या धंद्याची दिशाच फिरली. मोठ्या प्रकाशकांनी हळूहळू अनाहूत बाडं वाचणं बंद केलं. पूर्वी त्यांच्या कचेरीत अशा बाडांचा ढीग असे आणि तो उपसायला पगारी वाचक असत. हा खर्च त्यांनी वाचवला आणि सांगून टाकलं, एजंटामार्फत या. ज्याला हाइनमनने बांडगूळ म्हटलं होतं, त्याच्याच गळ्यात प्रकाशकांनी दरवाज्याची किल्ली अडकवली. लेखकाचा वकील होता, तो लेखकाचा परीक्षकही झाला. आता लेखकाने आधी वकील पटवायचा, मग वकिलाने न्यायाधीश. कमिशनही दहाचं पंधरा टक्के झालं, परदेशी हक्कांवर वीस.

पटवायचं कसं, याची एक रीत पडून गेली आहे. एक पानाचं पत्र, कथानकाचा गोषवारा आणि पहिली तीन प्रकरणं. कादंबरी असेल तर ती पूर्ण लिहून झालेली हवी. ललितेतर पुस्तक असेल तर योजना चालते. पूर्वी परतीच्या टपालाची तिकिटं लावलेलं पाकीट सोबत जोडावं लागे. आता सगळं ई-मेलवर, आणि पुष्कळ एजंट आधीच लिहून ठेवतात की अमुक आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा. 'साभार परत'मधला 'साभार'ही गेला! अशा चाळणीत काय सुटतं आणि काय राहतं, हे पुष्कळदा योगायोगावर असतं. १९९५ साली जे. के. रोलिंग यांनी वाचनालयातल्या एका निर्देशिकेतून नावं शोधून बाड पाठवलं. एका एजंटाने परत केलं. दुसऱ्याच्या कचेरीत ते नापसंत टोपलीत पडलं होतं, तिथल्या ब्रायनी एव्हन्स या मदतनीस तरुणीने ते सहज चाळलं आणि बाहेर काढलं. मग बारा प्रकाशकांनी नाकारलं. १९९७ साली पुठ्ठा-बांधणीच्या पहिल्या पाचशे प्रती निघाल्या. पुढचं साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याच सुमारास अरुंधती रॉय यांचं बाड दिल्लीहून लंडनला गेलं आणि ते वाचून डेव्हिड गॉडविन हा एजंट विमानात बसून दिल्लीत येऊन थडकला. असं भाग्य लाखात एकाचं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. नाव राखून असलेला एजंट बाड वाचण्याचे पैसे मागत नाही. जो मागतो, त्याचा धंदा पुस्तक विकण्याचा नसून लेखक लुबाडण्याचा असतो.

कवींसाठी एक सूचना. बहुतेक एजंट कवितासंग्रह घेतच नाहीत. कारण साधं आहे. शून्याचे पंधरा टक्के शून्यच.

एजंट नसला तर? म्हैसूरच्या आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स'चं बाड लंडनच्या एकेका प्रकाशकाकडून परत येत होतं. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या पूर्णा या मित्राकडे ते शेवटी पडून होतं. हताश नारायणांनी त्याला कळवलं, दगड बांधून थेम्समध्ये बुडवून टाक. मित्राने ऐकलं नाही. त्याने ते ग्रॅहम ग्रीनच्या हाती दिलं. ग्रीनने वाचलं, 'हॅमिश हॅमिल्टन'कडे शब्द टाकला, लेखकाचं लांबलचक नाव आटोपशीर करायला लावलं आणि १९३५ साली पुस्तक निघालं. एजंट मिळाला तो त्यानंतर. नारायण आणि ग्रीन यांची प्रत्यक्ष भेट व्हायला आणखी वीसेक वर्षं जावी लागली.

आपल्या मराठीत ही एजंटाची रीत रुजलीच नाही. इंग्रजीसाठी दिल्ली, जयपूर, बेंगळुरूकडे एजन्सी निघाल्या, पण मराठी लेखक बाड काखोटीला मारून थेट प्रकाशकाकडे जातो. गिरगावच्या खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक कथा-कवितांवर लेखकाशी महिनोन्महिने पत्रव्यवहार करत. त्या दाराशी नाकारले गेल्याची चीडही मोठी होती. १९६९ साली तरुण बंडखोरांनी 'सत्यकथे'ची होळी केली, आणि लघुनियतकालिकांनी आपली दारं आपणच बांधली. जिथे अशी नजर असलेला संपादक नसतो तिथे उरतो तो निव्वळ व्यवहार. माझ्या पहिल्या संग्रहाच्या वेळी एका प्रकाशकांनी बाड न उघडताच विचारलं होतं, "प्रती किती उचलाल?" माझ्या बाजूने बोलणारं तेव्हा कुणी नव्हतं. शिक्षक, मित्र, ज्येष्ठ कवी, घरचं माणूस यांपैकी कुणीतरी उठून आपलं बाड घेऊन जाईल, एवढीच आपल्याकडच्या नव्या लेखकाची आशा असते. पुस्तक निघाल्यावर भाषांतराचे, चित्रपटाचे, ध्वनिपुस्तकाचे हक्क कुणाचे, हे करारात वाचायला तर अजूनही फार थोडे बसतात.

जळगावकडच्या एका शेतकरी बाईला लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना ती जे गाई ते तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने कागदावर टिपून ठेवलं होतं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. तरी आईची ही वही लोकांपुढे ठेवायला त्यांना संकोच वाटत होता. आई गेल्यावर भीतभीत त्यांनी ती आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. अत्र्यांनी पानं चाळली आणि हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं गुन्हा आहे, असं म्हणत वही छापण्याचा ध्यास घेतला, प्रस्तावनाही स्वतः लिहिली. 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली निघाली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या होत्या.